कोडे आणि ताण : 'पाठलाग' ते 'दृश्यम'

मराठी रहस्यपटाला पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून बाजूला सारण्याची रीत प्रस्तुत लेखकास मान्य नाही. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग' (१९६४) या चित्रपटावरून राज खोसला यांनी 'मेरा साया' (१९६६) काढला, हे सर्वश्रुत आहे. त्यातील ताणाच्या रचनेचा विचार मात्र क्वचितच होतो. दिवंगत पत्नीच्याच चेहऱ्याची आरोपी न्यायालयात 'मीच ती पत्नी' असा दावा करते, आणि वकील पती व प्रेक्षक दोघेही अखेरपर्यंत सारखेच अंधारात राहतात. हिचकॉकने 'व्हर्टिगो'मध्ये (१९५८) असेच रूपसाधर्म्य योजले, पण गुपित प्रेक्षकास शेवटापूर्वीच सांगून टाकले. पात्रापेक्षा प्रेक्षकास अधिक ठाऊक असेल तरच ताण निर्माण होतो, ही त्याची भूमिका. त्या कसोटीवर 'पाठलाग' हे कोडे ठरते. अर्थात अव्वल कोडे!

जीतू जोसेफ यांच्या मल्याळम चित्रपटावरून (२०१३) निशिकांत कामत यांनी केलेला, गोव्यात घडणारा हिंदी 'दृश्यम' (२०१५) या दोन्ही रीती एकत्र आणतो. हत्या कोणाच्या हातून झाली हे प्रेक्षकाने पाहिलेले असते, म्हणून प्रत्येक चौकशीत तोही धास्तावतो. प्रेत कोठे आहे, हे मात्र त्याच्यापासूनही दडवलेले असते. ते नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली असल्याचे अगदी शेवटी कळते.