कौल : एका हरवलेल्या अर्थाचा मागोवा

वसईच्या किल्ल्यात विद्यार्थ्यांना घेऊन जातो तेव्हा चिमाजी अप्पांच्या मोहिमेचा शेवट सांगताना आम्ही ‘कौल’ हा शब्द मुद्दाम वापरतो. दर खेपेस काही चेहरे गोंधळतात. कौल मतदारांचा असतो, देवळातल्या देवाचा असतो. (छपरावरचे कौल, तो शब्दच निराळा.) मे १७३९ मध्ये शरण आलेल्या पोर्तुगीजांना सुखरूप निघून जाण्याची हमी मिळाली, तिच्याशी ‘कौल’ जोडणे त्यांना जड जाते.

मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘बोल’, ‘वचन’. परागंदा झालेल्या रयतेने गावी परतावे, जमीन लावावी, उपद्रव होणार नाही, असे अभय मराठेशाहीत कौलाने दिले जाई. पुष्कळदा त्यात साऱ्याची सवलतही असे. म्हणजे सुरक्षितता हा गावाचा गुण नव्हता, तो कुणीतरी दिलेला शब्द होता.

इंग्रजीतही असा एक शब्द मागे पडला. लॅटिन ‘सेक्युरस’, म्हणजे शब्दशः ‘निश्चिंत’, हा शब्द फार पूर्वी जर्मानिक भाषांत गेला. त्यापासून जुना ‘सिकर’ आणि असुरक्षित, बेभरवशाचा या अर्थी ‘अनसिकर’. पुढे त्याच लॅटिन मुळातून ‘शुअर’ फ्रेंचमार्गे आणि ‘सिक्युअर’ थेट आला. ‘सिकर’ स्कॉट बोलीत टिकला, प्रमाण इंग्रजीतून गेला. वसईत दोनशे वर्षे वावरलेल्या पोर्तुगीजांचा ‘सेगुरु’ही त्याच कुळातला. या कुळात भर मनाच्या स्वस्थतेवर आहे. कौलात तो देणाऱ्यावर आहे. हा फरक आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

कारण देणारा बदलला की सारेच बदलते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी वार्षिक २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. ज्यांच्या नावाने कौल निघत, तेच आता अभय मागत होते.

आजचा ‘असुरक्षित’ व्याकरणदृष्ट्या सोयीचा शब्द आहे. तो कर्मणी धातुसाधित. रक्षण कोणी करायचे होते, ते न सांगताही वाक्य पुरे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला इमारतीचा भाग कोसळून १७ माणसे गेली. बातम्यांत ‘अनधिकृत’, ‘धोकादायक’ ही विशेषणे इमारतीला लागली होती. त्या घरांत राहायला येताना लोकांनी कुणाच्या तरी शब्दावर भरवसा ठेवलाच असणार. त्या शब्दाला आज मराठीत नाव नाही.