ताणाने डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साठतं तेव्हा: 'सीएसआर' हा विकार नेमका काय?

एका डोळ्यासमोर मधोमध करडा किंवा तपकिरी गोल डाग दिसू लागतो. दरवाजाची चौकट, फरशीची रेघ मध्येच वाकलेली वाटते. त्या डोळ्याने माणसांचे चेहरे थोडे लहान आणि रंग फिके दिसतात. दुखणं नाही, लाली नाही, चिकटा नाही. त्यामुळे बहुतेक जण आधी चष्म्याच्या दुकानात जातात. तिथे थोड्या प्लस नंबरची काच लावली की खरंच बरं दिसतं, कारण पडदा पुढे उचलला गेल्याने डोळ्याला तात्पुरता प्लस नंबर आलेला असतो. नवा चष्मा घरी येतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

या दुखण्याचं नाव सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपॅथी. डॉक्टर बोलताना नुसतं 'सीएसआर' म्हणतात. ताणाचा डोळ्यांवर परिणाम होतो असं मोघमपणे नेहमी सांगितलं जातं, पण ताणाशी इतका स्पष्ट संबंध जोडला गेलेला पडद्याचा दुसरा विकार क्वचितच सापडेल.

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटा भाग असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही कामं त्याच्यावर चालतात. पडद्याखाली रक्तवाहिन्यांचा दाट थर आहे आणि दोघांच्या मध्ये पेशींची एक पातळ रांग. खालचं पाणी वर येऊ न देणं आणि आलेलं बाहेर उपसणं हे तिचं काम. रक्तवाहिन्या फुगून पाझरायला लागल्या आणि ही रांग कुठे कमजोर पडली, की पाणी पडद्याखाली शिरतं आणि भिंतीवरच्या रंगाला फुगा यावा तसा पडदा तिथे उचलला जातो. ताणाच्या काळात शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं आणि ते या रक्तवाहिन्यांवर परिणाम करतं, असं मानलं जातं.

जर्मन नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी १८६६ साली या विकाराचं पहिलं वर्णन केलं. १९८०च्या दशकात अमेरिकेतले लॉरेन्स यानुझी यांनी सतत घाईत, स्पर्धेत आणि चिडचिडीत असणाऱ्या 'टाइप ए' स्वभावाशी त्याचा संबंध दाखवला. रुग्ण बहुतेक तीस ते पन्नास वयातले असतात आणि पुरुषांचं प्रमाण स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त असतं. रात्रपाळी, अपुरी झोप आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यांच्याशीही संबंध आढळला आहे. गरोदरपणातही हा त्रास होऊ शकतो. तो बहुतेकदा बाळंतपणानंतर आपोआप निवळतो.

मात्र 'टेन्शनमुळे झालं' एवढ्यावर समाधान मानलं की खरं कारण हातचं निसटू शकतं. ते कारण म्हणजे स्टिरॉइड. शरीर ताणात जे कॉर्टिसोल बनवतं, त्याच कुळातलं औषध बाहेरून घेतलं तर सीएसआर होऊ शकतो, झालेला वाढू शकतो किंवा हटता हटत नाही. अनेकदा आपण स्टिरॉइड घेतो आहोत हे रुग्णाला माहीतच नसतं. गोळी आणि इंजेक्शन लक्षात राहतं. दम्याचा पंप, नाकातला स्प्रे, गुडघ्यात घेतलेली सुई, गजकर्णावर लावलेली ट्यूब, गोरं होण्याची क्रीम यांना कोणी 'औषध चालू आहे' म्हणत नाही. वजन वाढवण्यासाठी दुकानात मिळणाऱ्या गोळ्या आणि सांधेदुखीवर 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या यांतही स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही छापलेलं असेल तर ते स्टिरॉइडच. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे, पण काउंटरवर तो किती पाळला जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, पंप आणि पुड्या पिशवीत घालून न्याव्यात. स्टिरॉइड मनाने बंद मात्र करू नये. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं, आणि दम्याच्या रुग्णाचा पंप काढून घेणं तर फारच धोक्याचं. ज्यांनी औषध दिलं ते आणि डोळ्याचे डॉक्टर, दोघांनी मिळून हे ठरवायचं असतं.

तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहतात आणि ओसीटी स्कॅन काढतात. हा स्कॅन काही मिनिटांचा असतो. सुई लागत नाही आणि पडद्याखालचं पाणी त्यात थेट दिसतं. गरज पडल्यास हाताच्या शिरेत रंगद्रव्य देऊन पाझर कुठून आहे ते शोधतात.

बहुतेकांचं पाणी तीन ते चार महिन्यांत आपोआप जिरतं. त्यामुळे डॉक्टर 'थांबून पाहू' म्हणाले तर ती टाळाटाळ नसते. पाणी रेंगाळलं किंवा पुन्हा पुन्हा आलं, तर फोटोडायनॅमिक थेरपी किंवा सौम्य लेसरचा विचार होतो. एप्लेरेनोन ही गोळी बरीच वर्षं दिली जात होती, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. पाणी फार काळ साठून राहिलं तर मॅक्युलाच्या पेशी कायमच्या खराब होतात. एकदा बरा झालेला विकार परत येणंही नवीन नाही. घरी नजर ठेवायला चौकटीच्या वहीचं पान पुरतं. एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे पाहावं, मग दुसरा. रेघा वाकल्या की डॉक्टरांना दाखवावं.

घर बेळगाव-खानापुरात आणि नोकरी गोव्यात, किंवा घर निपाणीत आणि दवाखाना कोल्हापूर-मिरजेत, अशांनी एक काळजी घ्यावी. ओसीटीची रंगीत प्रत आणि औषधांची चिठ्ठी जवळ ठेवावी. पाणी वाढलं की घटलं हे आधीच्या स्कॅनशी ताडूनच कळतं, आणि दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयाकडे तो नसतो.

ताणाचे बाकीचे परिणाम त्या मानाने किरकोळ. पापणी फडफडणं, म्हणजे आपल्याकडचं 'डोळा लवणं', जागरण आणि जास्त चहा-कॉफीने वाढतं. डावा की उजवा याला वैद्यकात काही अर्थ नाही. काही दिवसांत ते थांबतं, मात्र गालही ओढला जात असेल तर दाखवावं. स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. अर्धशिशीआधी काही मिनिटं नागमोडी चमक दिसते, ती बहुधा दोन्ही डोळ्यांत असते.

डोळा अचानक लाल होऊन प्रचंड दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडं आणि उलटी, किंवा नजरेवर पडदा सरकल्यासारखं अंधारून येणं, यांना मात्र ताण समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. बेळगावात बिम्स, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ, वडोदऱ्यात सयाजी, इंदूरला एम. वाय., ग्वाल्हेरला जयारोग्य आणि हैदराबादेत सरोजिनी देवी नेत्र रुग्णालय ही सरकारी ठिकाणं आहेत.