पुसलेला 'एस'

जुन्या बाजारात मला ली-एनफील्ड रायफलीचा सुटा दस्ता मिळाला. अक्रोडाचं लाकूड, त्यावर तेलाघामाचा काळा थर. तासभर पॉलिश पेपर मारला. लाकूड नव्यासारखं झालं, पण वर ठोकलेला 'एस' गेला.

नंतर वाचलं. 1895 साली ब्रिटिश सैन्यात आलेल्या या रायफलीचे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे असत. शिपायाच्या अंगमापाप्रमाणे बसवत. 'एस' म्हणजे आखूड. कुणा ठेंगण्या शिपायाची ती एवढीच नोंद असेल. मी ती बॅकअप न घेता डिलीट केली.

आता दबलेल्या जागी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवतो. वाफेने तंतू फुगतात. मग जवसाचं तेल चोळतो. डाग मात्र राहू देतो.