स्वल्पविराम, शून्य, डॉलर: मेमरीतली बारामती

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. विषय इतिहासाचा आहे, पण किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आज बघायचंय की कॉम्प्युटरच्या मेमरीत आपलं मराठी नाव कसं राहतं आणि ते कधी हरवतं.

सुरुवात माझ्यापासून. गाव इंदापूर तालुक्यात, नोकरी बारामतीत, रोजचा प्रवास लाल परीनं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक काम आलं. ऊस नोंदीची जुनी यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची होती. यादी चालवली, तर कुठं नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, कुठं इंग्रजी अक्षरांचा कचरा, कुठं नुसतीच चिन्हं. रात्री घरी सांगितलं, तर वडील म्हणाले, "आरं, नाव गेलं म्हंजी ऊस कुणाचा?" प्रश्न बरोबर होता. तोड, वजन, बिल, सगळं त्या नावावर चालतं.

दुसऱ्या दिवशी डीबगर उघडला. डीबगर म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून त्याची मेमरी बघायचं साधन. आमचा होता जीडीबी. त्यात मेमरी बघायची आज्ञा 'एक्स'. 'एक्स स्लॅश एस' म्हटलं की तो तिथला मजकूर दाखवतो. एका ठिकाणी 'बारामती' असायला हवं होतं. दिसलं काय? स्वल्पविराम, टॅब, 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, टॅब, शून्य, टॅब, पुन्हा 'पेक्षा मोठे', टॅब, टिंब, टॅब, डॉलर, टॅब, ईमेलमधलं ॲट आणि शेवटी पुन्हा टॅब. मी म्हटलं, गेली बारामती.

पण गेली नव्हती. ती तिथंच होती, मीच चुकीचं विचारत होतो. ते का, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

सुरुवातीच्या कॉम्प्युटरांवर एका अक्षराला एक बाईट. एका बाईटमध्ये २५६ वेगवेगळे आकडे बसतात आणि इंग्रजीला ते पुरून उरतात. भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूरला काम सुरू झालं, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभं राहिल्यावर ते जिस्ट या नावानं तिथं पुढं गेलं. त्याच काळात इस्की नावाची संकेतपद्धत ठरली. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. तीही एका बाईटचीच: खालच्या अर्ध्यात इंग्रजी, वरच्या अर्ध्यात आपली अक्षरं.

बाजारात मात्र फॉन्ट चालले. डीटीपीवाल्यांच्या दुकानात लग्नपत्रिका, फ्लेक्स, सगळं शिवाजी, श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत. त्यात मेमरीत मराठी नसायचंच. असायचे इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे, वर फक्त मराठी कपडा. फॉन्ट काढला की उघडं. आमच्या यादीतला 'इंग्रजी कचरा' तो हाच.

१९९१ लाच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. कल्पना अशी की जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक, आणि त्यासाठी एकाऐवजी दोन बाईट. हेच ते 'वाइड' म्हणजे रुंद अक्षर. देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. १९९३ साली आलेलं विंडोज एनटी आतून याच दोन बाईटच्या अक्षरांवर उभं होतं. विंडोज २००० मध्ये देवनागरीही नीट उमटू लागली.

आता गंमत बघा. देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाची वरची बाईट आहे ०९. जुन्या इंग्रजी तक्त्यात ०९ म्हणजे टॅब! 'ब' चा क्रमांक ०९२सी. आपले पीसी आणि फोन धाकटी बाईट आधी ठेवतात, म्हणून मेमरीत आधी २सी, मग ०९. एकेक बाईट वाचली की स्वल्पविराम आणि टॅब. 'इंदापूर' बघितलं तर पहिलीच बाईट ०७, म्हणजे जुन्या टर्मिनलची घंटा. इंदापूर म्हणायला जावं आणि मशीननं 'टिंग' करावं!

इंग्रजीची तऱ्हा उलटी. तीच बारामती इंग्रजीत रुंद लिहिली, तर 'बी' नंतरची बाईट शून्य येते. 'एक्स स्लॅश एस' ला शून्य म्हणजे मजकूर संपला. म्हणून तो नुसता 'बी' दाखवून गप्प बसतो.

मेमरीवर पाटी नसते. तिथं फक्त आकडे असतात. अक्षर किती रुंद आहे, हे बघणाऱ्यानं सांगायचं. जीडीबीमध्ये 'एक्स स्लॅश एच एस' म्हटलं की दोन-दोन बाईट, 'एक्स स्लॅश डब्ल्यू एस' म्हटलं की चार-चार. विंडोजच्या डीबगरमध्ये 'डी ए' एका बाईटसाठी, 'डी यू' युनिकोडसाठी. जीडीबीला रुंद अक्षरं नीट समजायला २००९ साल उजाडलं. त्याआधी लोक आकडे बघून हातानं अक्षरं लावायचे, नाहीतर स्वतःचे मॅक्रो लिहायचे.

मी 'एच' घातला आणि समोर आलं: बारामती. खरं सांगतो, ऑफिसात ओरडलो.

एक बाईट किती महत्त्वाची, तेही त्याच दिवशी कळलं. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. साध्या 'र' चा क्रमांक ०९३०, 'ऱ' चा ०९३१. एकेक बाईट वाचली तर पहिल्यात शून्य दिसतो, दुसऱ्यात एक. 'शेतकऱ्याचं' मधला 'ऱ' एवढ्याशा फरकावर उभा आहे.

तुमच्या फोनमध्येही हा इतिहास आहे. साध्या एसएमएसमध्ये १४० बाईट मावतात. इंग्रजीला सात-सात बिटांनी १६० अक्षरं मिळतात. मराठी आली की मेसेज दोन बाईटचा होतो, मग फक्त ७०. वेबवर मात्र बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ चालतं. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसून ते आखलं. त्यात आपल्या एका अक्षराला तीन बाईट लागतात. बारामती दोन बाईटच्या पद्धतीत १४, यूटीएफ-८ मध्ये २१.

आता यादीचं काय झालं? ज्या नावांच्या जागी टॅब आणि चिन्हं होती, ती शाबूत होती. फक्त बघायची रुंदी चुकली होती. ज्यांच्या जागी इंग्रजी कचरा होता, ती जुन्या फॉन्टची. फॉन्ट ओळखून तक्ता केला आणि ती परत आणली. पण प्रश्नचिन्हांची नावं? तिथं 'एच' घालून बघितलं, 'डब्ल्यू' घालून बघितलं. बाईट-बाईट बघितली तर खरोखर ३एफ, ३एफ, ३एफ. म्हणजे प्रश्नचिन्हंच साठवलेली. कधीतरी कुणीतरी ती मराठी नावं एका बाईटच्या इंग्रजी तक्त्यात कोंबली होती. जे अक्षर बसलं नाही, त्याच्या जागी मशीननं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. ती कुठल्याच आज्ञेनं परत येत नाहीत. शेवटी कागदी रजिस्टरं काढली आणि एकेक नाव पुन्हा टाइप केलं.

तेव्हा मंडळी, स्क्रीनवर आपलं नाव वेडंवाकडं दिसलं तर लगेच पुसून नवीन लिहू नका. आधी आत काय आहे ते बघा. वेडंवाकडं दिसणारं नाव बऱ्याचदा जिवंत असतं. प्रश्नचिन्ह झालेलं मात्र बहुधा गेलेलं असतं.

वडिलांना सांगितलं, नावं सापडली. ते म्हणाले, "सगळी?" मी म्हटलं, "मशीनमधली मशीननं, बाकीची रजिस्टरनं." त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "रजिस्टर जपून ठेवलंय न्हवं?"

ठेवलंय. भेटू पुढच्या भागात.