जर्मन शिकारी रायफलींवरील अनुक्रमांक

जुन्या जर्मन शिकारी रायफलींच्या धातूच्या भागांवर अनेक आकडे व मुद्रा ठोकलेल्या असतात. त्यांतील अनुक्रमांक कारखानदाराने हत्याराच्या ओळखीसाठी दिलेला असतो; उरलेले आकडे नळीचे माप, दारूचे वजन किंवा चाचणीचा काळ दर्शवितात. या दोहोंची गल्लत सर्रास होते.

कुलाब्यापासून शिवडीपर्यंत पसरलेले मुंबई बंदर हे पश्चिम भारतातील आयातीचे मुख्य द्वार होते. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३) या मुंबईतील संस्थेच्या नियतकालिकात शिकारीची टिपणे येत. त्यांवरून या छंदाचा तत्कालीन प्रसार लक्षात येतो. शिकाऱ्यांच्या रायफलींवर पुष्कळदा नाव इंग्रजी असले, तरी गाभा जर्मन असे. लंडनची रिग्बी ही पेढी ओबर्नडॉर्फ येथील माउझर कारखान्याची यंत्रणा वापरी. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये मिळालेली ·२७५ रिग्बी रायफल याच घडणीची होती.

जर्मनीत १८९१ च्या कायद्याने नळीची चाचणी सक्तीची झाली व १ एप्रिल १८९३ पासून तिचा अंमल सुरू झाला. मुकुटाखालील ‘यू’ हे रोमन अक्षर तपासणी, तर ‘जी’ हे आटे पाडलेली नळी दर्शविते. १९४० पासून मुकुटाची जागा गरुडाने घेतली. नळीच्या खालच्या अंगावर, बहुधा लाकडी दस्त्याने झाकलेल्या भागात, १७२·२८ यासारखा आकडा आढळतो. एक पौंड शिशाच्या तितक्या समान गोळ्या केल्यास एका गोळीचा जो व्यास येईल, तो नळीचा व्यास, म्हणजे येथे ७·६२ मिमी. पुढे हे माप सरळ मिलिमीटरमध्ये देऊ लागले. दोन महायुद्धांमधील काळात ७·२७ असा अंक दिसल्यास तो बहुधा जुलै १९२७ मधील चाचणी सुचवितो. अनुक्रमांक मात्र नळी, यंत्रणा व खिटी यांवर सारखाच असणे अपेक्षित असते. तो जुळत नसल्यास एखादा भाग मागाहून बदलला असावा. प्रत्येक कारखान्याची अंकमाला वेगळी असल्याने केवळ क्रमांकावरून वर्ष ठरविणे धोक्याचे आहे. त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर माउझरची दप्तरे नष्ट झाल्याने ही अडचण वाढली.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर हौशी शिकार संपली. रायफली मात्र वारसाहक्काने घराघरांत राहिल्या. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखचिन्ह पुसणे वा बदलणे हा गुन्हा आहे. चिन्ह नसलेले किंवा खोडलेले हत्यार ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ते खोडले असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच पडतो. त्यामुळे गंज काढण्यासाठी पृष्ठभाग घासून पुन्हा निळसर मुलामा चढविण्याची हौस महागात पडू शकते. परवान्यावर अनुक्रमांकाऐवजी नळीचे माप उतरविले गेले असेल, तर वारसाच्या हातातील रायफल आणि कागदावरील रायफल या दोन वेगळ्या वस्तू ठरतात.