पोकेमॉन, लिंबाचं झाड आणि एक चांगला संशोधन प्रश्न

पेट निघाली, आता सिनॉप्सिससाठी विषय कुठून आणायचा? नांदेड-लातूरकडचे बरेच जण हे विचारतात. आज असा एक पेपर सांगते, ज्याचा विषय चक्क व्हिडिओ गेममधून आला.

आधी थोडा इतिहास. जपानच्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता. शहर वाढलं, शेतं-तळी गेली, किडेही गेले. शोधण्याचा तो आनंद मुलांना मिळावा म्हणून त्यांनी गेम बनवला. 27 फेब्रुवारी 1996 ला पोकेमॉनचे पहिले गेम जपानमध्ये आले. त्यात 151 काल्पनिक प्राणी होते. पुढे कार्टूनमुळे पिकाचू आपल्याकडेही पोचला.

2002 मध्ये केंब्रिजचे अँड्र्यू बाल्मफर्ड आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये एक छोटा अभ्यास छापला. ब्रिटनमधली 4 ते 11 वर्षांची 109 मुलं घेतली. प्रत्येकाला तिथल्या खऱ्या जीवांची 10 आणि पोकेमॉनची 10 कार्डं दाखवली. चार वर्षांच्या मुलांनी 32 टक्के जीव ओळखले, पोकेमॉन फक्त 7 टक्के. आठव्या वर्षी जीव 53 टक्के, पोकेमॉन 78 टक्के!

आता यातली खुबी बघा. फक्त जीवांची कार्डं दाखवली असती, तर 'मुलांच्या लक्षातच राहत नाही' असं कुणीही म्हटलं असतं. पोकेमॉनच्या कार्डांनी ती शंका मिटवली. लक्षात ठेवायची ताकद भरपूर आहे, ती खऱ्या जीवांकडे वळत नाही. पेपरचं सगळं वजन या तुलनेत आहे.

हाच अभ्यास तुम्ही गोदाकाठच्या किंवा मांजराकाठच्या शाळेत करायचं ठरवलं, असं समजा. कार्डं काढली: टिटवी, कोतवाल, बाभूळ, कडुनिंब. शेवटचं कार्ड बघून पोरगं म्हणेल, "लिंब!" तुमच्या उत्तरसूचीत मात्र 'कडुनिंब'. गुण द्यायचा का नाही?

नाही दिला, तर 'मराठवाड्यातल्या मुलांना झाडं ओळखता येत नाहीत' असा निष्कर्ष निघेल, आणि तो खोटा असेल. आपल्याकडं त्या झाडाला लिंबच म्हणतात. पिकाचूला मात्र सगळीकडे एकच नाव. म्हणजे तुमची तुलना सुरुवातीलाच एका बाजूला झुकली.

म्हणून शाळेत जायच्या आधी गावातल्या जाणत्या माणसांकडून प्रत्येक जीवाची चालती नावं लिहून घ्या. कोणतं उत्तर बरोबर धरायचं, तेही आधीच ठरवून सिनॉप्सिसमध्ये लिहा. गाईड पहिला प्रश्न तिथंच विचारतील.