आसनशिक्षण, व्यक्तिभेदानुसारी

एकच योगासन भिन्न वयाच्या, भिन्न प्रकृतीच्या आणि भिन्न सामर्थ्याच्या विद्यार्थ्यांना, त्या आसनाचे मूळ प्रयोजन न बिघडविता, ज्याच्या त्याच्या शरीराला झेपेल अशा रूपात शिकविण्याची पद्धती. या विषयाची बीजे प्राचीन आहेत. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोहोंचीच अपेक्षा धरली, अमुकच अंगविन्यास हवा अशी सक्ती केली नाही. हठप्रदीपिकेत तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, व्याधिग्रस्त आणि दुर्बळ अशा सर्वांनाच अभ्यासाने सिद्धी लाभते असे आश्वासन आहे. आणि घेरंडसंहितेने 84 श्रेष्ठ आसनांतून 32 च मर्त्यलोकी हितावह मानली. हे आश्वासन पाळावयाचे कसे, याचा तपशील मात्र या ग्रंथांत फारसा सापडत नाही, कारण जोवर गुरूपुढे एखाददुसराच शिष्य बसत होता तोवर गुरूची नजर हाच तो तपशील होता. विसाव्या शतकात योगशाळा निघाल्या, एका दालनात अनेक माणसे एकाच सूचनेसरशी वाकू लागली, आणि तेव्हा हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा झाला.

महाराष्ट्रात या प्रश्नाकडे पद्धतशीर लक्ष देणाऱ्यांत स्वामी कुवलयानंद (1883–1966) अग्रणी होत. 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी यौगिक क्रियांचे प्रयोगशाळेत परीक्षण आरंभिले, आणि सर्वांना एकच अभ्यास न लावता पूर्ण व संक्षिप्त असे निरनिराळे अभ्यासक्रम आखून दिले. म्हैसूरच्या राजाश्रयाखाली तिरुमलै कृष्णम्माचार्य (1888–1989) मुलांकडून वेगवान, उड्यांची जोड असलेली आसनमाला करवून घेत. पुढे मद्रासेत ते प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्रपणे शिकवू लागले, व वय, व्यवसाय आणि व्याधी पाहून अभ्यास ठरवू लागले. त्यांचे पुत्र देशिकाचार यांनी हीच धारा पुढे नेली. या परंपरेत आसनाचे रूपच बदलण्याची मुभा आहे. कंबर आखडलेल्या माणसाने पश्चिमोत्तानासनात गुडघे थोडे वाकविले तरी चालते, परंतु श्वास तुटला की त्याच क्षणी थांबावे लागते. मर्यादा ठरविणारा अंमलदार श्वास होय.

कृष्णम्माचार्यांचेच शिष्य व मेहुणे बी. के. एस. अय्यंगार (1918–2014) यांनी वेगळी वाट धरली. बालपणी हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनी खंगलेला हा मुलगा 1937 साली पुण्यात सहा महिन्यांच्या मुदतीने शिकविण्यास आला आणि कायमचा पुणेकर झाला. मराठी येत नाही, इंग्रजी जेमतेम, आणि समोरचे विद्यार्थी आपल्याहून धडधाकट, अशा स्थितीत आरंभ झालेल्या त्या अध्यापनातून त्यांनी जे तत्त्व घडविले ते असे : आसनाची दिशा, त्यातील सांध्यांची मांडणी आणि छातीचा विस्तार यांत तडजोड करावयाची नाही, शरीराला जे अंतर कमी पडते ते बाहेरच्या आधाराने भरून काढावयाचे. भिंत, विटा, दोर, घडी घातलेली घोंगडी, लोड, पट्टा, पाठ काढून टाकलेली घडीची लोखंडी खुर्ची असा सरंजाम त्यांनी क्रमाक्रमाने सिद्ध केला. पत्नीच्या स्मरणार्थ 1975 साली पुण्यात उघडलेल्या रमामणी अय्यंगार स्मारक योगसंस्थेत हा सरंजाम शिक्षणाचे नित्य अंग झाला.

त्रिकोणासनाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. पायांत तीन-साडेतीन फूट अंतर ठेवून उजवा हात उजव्या पावलाशी टेकवावयाचा, एवढेच ऐकलेला ताठर विद्यार्थी जमीन गाठण्यासाठी गुडघा मोडतो, नितंब मागे फेकतो, छाती जमिनीकडे वळवितो. हात पोहोचतो खरा, पण त्रिकोण हरवतो. पावलाशेजारी ठोकळा उभा केला की तोच हात चार बोटे कमी उतरून छाती मोकळी करतो. ज्यास भोवळ येते त्याने पाठ भिंतीस लावावी. ज्याचा ठोकळ्यापर्यंतही हात जात नाही त्याने तो खुर्चीच्या बैठकीवर ठेवावा.

ताठर माणसाची उणीव निदान दिसते तरी. शिक्षकाची खरी कसोटी सैल सांध्यांच्या विद्यार्थ्यापुढे लागते. त्याचे आसन चित्रासारखे दिसते, वर्गात त्याची वाहवा होते, आणि तेवढ्यात त्याचा गुडघा मागच्या बाजूस वाकून अस्थिबंधांवर सारा भार घेत असतो. अशा विद्यार्थ्यास पुढे नेण्याऐवजी मागे आणावे लागते, आणि हे काम प्रस्तुत लेखकास ताठर माणसाला वाकविण्याहून अधिक जिकिरीचे वाटते, कारण येथे विद्यार्थ्याला त्याच्या यशापासूनच परावृत्त करावयाचे असते.

सर्वांगासनात मानेची मूळ कमान दबू नये म्हणून खांद्यांखाली घोंगड्यांच्या घड्या देऊन डोके त्यांच्या कडेबाहेर जमिनीवर ठेवण्याची पद्धत आहे. तेही न झेपणाऱ्यास खुर्चीवर, आणि अगदी अशक्तास कमरेखाली लोड घेऊन पाय भिंतीवर टेकविण्यापुरती विपरीतकरणी. मनाई मात्र मनाई म्हणूनच पाळावी लागते. अनियंत्रित रक्तदाब, काचबिंदू, दृष्टिपटलाचे विकार किंवा मानेच्या मणक्यांची इजा असलेल्यास शीर्षासन देत नाहीत. ऋतुकाळात अय्यंगार परंपरा सर्वच विपरीत आसने वगळते. गर्भवतीस पोटावर दाब आणणारी आसने वर्ज्य. आणि हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांना पाठ गोल करून पुढे वाकविणे मणक्याच्या भंगास निमंत्रण ठरू शकते. दृष्टिहीन विद्यार्थ्यापुढे प्रात्यक्षिक निरुपयोगी, तेथे नेमका शब्द आणि त्याच्या संमतीने केलेला स्पर्श हेच शिक्षण. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्यास भारद्वाजासनाचा पीळ बसल्या जागी देता येतो.

शवासन सर्वांत सोपे समजले जाते, पण भेद तेथेही सुटत नाही. दमेकऱ्याची पाठ लोडावर उचलून घ्यावी, कंबरदुखी असलेल्याच्या पोटऱ्या खुर्चीवर ठेवाव्या, गर्भारपण पुढे गेलेल्या स्त्रीस कुशीवर निजवावे, आणि खिन्नतेने ग्रासलेल्या माणसास डोळे मिटून दीर्घकाळ एकटे पडू देऊ नये. म्हणून वर्गात प्रवेश देतानाच विद्यार्थ्याची कैफियत, म्हणजे जुनी दुखणी, शस्त्रक्रिया आणि चालू औषधे, विचारून घेण्याचा शिरस्ता असावा, व ती एकांतात विचारावी, कारण चारचौघांत माणूस हर्निया सांगत नाही.

आधार हा केवळ दुर्बळांसाठी असतो, हा समज अद्याप पुष्कळ दिसतो. 1979 मधील अपघातानंतर अय्यंगारांना स्वतःचा अभ्यास नव्याने उभारावा लागला, आणि रुग्णांसाठी घडविलेली तीच बाके, तेच दोर आणि त्याच खुर्च्या घेऊन ते नव्वदी उलटल्यावरही पुण्याच्या संस्थेच्या दालनात, विद्यार्थ्यांच्या शेजारीच, अभ्यास करीत असत.